कपाळावरचं नाव

चाकणला कंपन्यांच्या शर्टांवर नावं शिवणारी एक मावशी आहे. तिचं स्वतःचं नाव मला अजून माहीत नाही. कुणाचंही नाव ऐकलं की ती मशीन थांबवते आणि अर्थ सांगते. माझ्या खोलीतल्या शीलाच्या कंपनीच्या कार्डावर ‘शिला’ छापून आलं होतं. मावशी म्हणाली, "शीला म्हंजे चांगल्या वळणाची, शिला म्हंजे धोंडा. उगं धोंडा कशाला व्हतीस, पोरी?" बोलताना ती डोळ्यांत बघत नाही, कपाळाकडे बघते.

मी परभणीकडची, आठवीत शाळा सुटलेली. माझं नाव सटवा. गावात पोरं ‘ए सटवे’ म्हणून शिवी दिल्यासारखी हाक मारायची. कंपनीत लाइनवर पहिल्याच दिवशी तेच नको, म्हणून मी मावशीला सांगितलं, "स्वाती शिवा."

ती माझ्या कपाळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

संध्याकाळी शर्ट घ्यायला गेले, तर खिशावर लाल दोऱ्यानं ‘सटवा’. माझं कार्ड तर खोलीवर होतं.

"मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं ओ?"

"शिवी न्हाई ती. षष्ठीची सटवी झाली बग. सहाव्या राती लेकराच्या कपाळी लिवती, ती आई. तिचं मी कसं खोडू? मी निस्तं गिरवती."

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं नाव मोठ्यानं वाचलं. लाइनवरचे दोघे हसले. मी खिशावरचा दोरा चाचपला आणि मान वर करून "हजर" म्हणाले.

मावशीचे उपकार मी विसरणार नाही. पण तिच्या मशीनसमोरून जाताना ओढणी कपाळावर ओढून घेते.