नर्सबाईंची रेनशॉ

इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरच्या किंग्टनच्या आजूबाजूच्या खोऱ्यांत हेस्टर प्रॉसर दारात यायच्या आधी तिची गाडी ऐकू यायची. टेकडीपलीकडे घरघर सुरू झाली की कुणीतरी पाणी तापत ठेवायचं, कुणी कुत्रं बांधायचं, आणि बाळंतिणीची आई म्हणायची, "आल्या गं नर्सबाई." हेस्टर त्या भागाची सरकारी सुईण. डोंगरावरल्या मेंढपाळांच्या घरांतली निम्मीअधिक पोरं तिच्या हातांवर जन्मली होती.

गाडी तिनं घेतली ती एका पाद्र्याच्या विधवेकडून. दोन माणसांपुरती, बुटकी, शेवाळी हिरव्या रंगाची. कॉव्हेंट्रीतल्या रेनशॉ नावाच्या एका लहानशा कारखान्यानं दुसऱ्या महायुद्धाआधी बनवलेली. पाळलेलं कुत्रं दुसऱ्याच्या हवाली करावं तशा सुरात पाद्रीणबाई म्हणाल्या होत्या, "जरा मोठ्यानं बोलते, पण मनानं चांगली आहे."

हेस्टर तोवर सायकलवरच फिरलेली. त्यामुळे गाडी म्हटली की क्लच दगडासारखा, बूड खिळखिळं करणाऱ्या स्प्रिंगा आणि थंडीत रुसणारं इंजिन, असाच तिचा समज झाला. शेजारच्या सीटवर बॅग ठेवून ती पाऊस, चिखल, मेंढरांचे कळप यांतून वाट काढत राहिली.

साठ सालानंतरच्या एका भयंकर बर्फाच्या हिवाळ्यात ऑल्वेन ग्विल्टचं मूल आडवं आलं. अँब्युलन्सला वर चढता येईना. हेस्टरनं ऑल्वेनला मेंढीच्या कातड्यांत गुंडाळून गाडीत बसवलं, अॅक्सिलरेटरवर पाय खालपर्यंत दाबला आणि दोन्हीकडच्या बर्फाच्या भिंतींमधून हेरेफर्डचं हॉस्पिटल गाठलं. मुलगा झाला. त्याचं नाव गेथिन.

निवृत्त झाल्यावर गुडघ्यांना क्लच झेपेना. गाडी गोठ्यात गेली आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. पुढे बऱ्याच वर्षांनी गेथिन ग्विल्ट, आता चाळिशीचा, जुन्या गाड्यांचं वर्कशॉप चालवणारा, तिच्या ओट्यावर येऊन उभा राहिला.

"नर्सबाई, ती गाडी द्या मला. विकत नकोय. बरी करून परत देतो."

"आधी मला बरी कर," हेस्टर म्हणाली. "गुडघे बघ माझे."

"ते माझं खातं नाही. पण माझा पहिला प्रवास तिच्यातून झालाय, जन्माला यायच्याही आधी. तिला कोंबड्यांच्या नशिबी नाही सोडणार."

हेस्टर हसली आणि किल्ली शोधायला आत गेली.

काम रेंगाळलं. सुटे भाग मिळत नव्हते, ते गेथिन स्वतः घडवत होता. मग एके सकाळी त्याचा फोन आला, "या जरा. काही दाखवायचंय."

वर्कशॉपमध्ये गाडीचं दार टेबलावर आडवं ठेवलं होतं. गेथिननं रंग थराथरानं घासून काढला होता. हिरव्याच्या खाली सायीचा रंग, त्याच्या खाली गडद निळा, आणि निळ्यात एक पांढरं वर्तुळ. वर्तुळात काळा सातचा आकडा, हातानं रंगवलेला, कडेला ब्रश किंचित हललेला.

हेस्टरनं चष्मा पुसला. "हा कुणी काढला?"

"ते नाही माहीत. पण ही शर्यतीत पळायची, नर्सबाई. हॅझल बँकच्या चढावर. तिथल्या पबमध्ये भिंतीवर फोटो आहे हिचा. आयव्ही रेंडल नावाची बाई चालवायची. फोटो काढला त्या वर्षी तिच्यापेक्षा लवकर वर पोचलेला एकही पुरुष नव्हता."

हेस्टरनं आकड्यावरून बोट फिरवलं. इतकी वर्षं याच दाराला टेकून तिनं बूट चढवले होते, याच्यावर ओला कोट वाळत टाकला होता. तिला एकदम संकोचल्यासारखं झालं, घरात कामाला ठेवलेली बाई कुठल्याशा देशाची राणी निघावी तसं.

"अजून आहे," गेथिन म्हणाला आणि त्यानं ओकच्या लाकडाचा एक ठोकळा तिच्या हातात दिला. "अॅक्सिलरेटरच्या खाली स्क्रूनं बसवला होता, चटईच्या आत. पेडल अर्ध्यावरच अडत होतं."

"म्हणजे मी तुझ्या आईला घेऊन..."

"अर्ध्या गाडीत. तुमची सगळी नोकरी अर्ध्या गाडीत झाली."

हेस्टर शेजारच्या पिंपावर बसली. त्या बर्फाच्या दिवशी तिनं जीव एकवटून पाय दाबला होता. याच्यापुढे गाडीत काही उरलेलं नाही, असंच तिला वाटलं होतं. आणि तेवढंच आणखी आत होतं, न वापरलेलं.

"पाद्रीणबाईंचं काम," ती शेवटी म्हणाली. "नवऱ्याला वेसण घालायला केलं असणार. आणि मला सांगायचं विसरल्या."

जूनमध्ये हॅझल बँकवर जुन्या गाड्यांचा मेळावा भरला. शर्यत नव्हती, पूर्वी तिथं धावलेल्या गाड्यांना मानाची एकेक फेरी. गेथिननं गाडी निळी करून आणली होती. सातचा आकडा मात्र त्यानं नवा काढला नव्हता. जुनाच, हललेल्या ब्रशसकट, ठेवला होता.

"तू चालव," हेस्टर म्हणाली. "मी सत्त्याहत्तर वर्षांची म्हातारी."

"गाडी तुमच्यापेक्षा फार लहान नाही. बसा मुकाट्यानं. क्लच हलका करून दिलाय."

गेथिन बॅगच्या जागी बसला. सुटायचं निशाण खाली आलं. हेस्टरनं सवयीनं पाय दाबला, आणि जिथं नेहमी तळ लागायचा तिथं तो लागला नाही. पाय पुढे गेला. नेहमीची घरघर वर चढत गेली आणि एका टोकाला जाऊन स्वच्छ, लांबलचक सूर झाली. पाठ सीटला चिकटली. दोन्हीकडची बीच जातीची उंच झाडं एकात एक मिसळून हिरवी भिंत झाली. पहिल्या वळणावर आपण घाबरू असं तिला वाटलं होतं, पण गाडीला वळण ठाऊक होतं. तिनं स्टीअरिंगवर हात नुसते ठेवले होते, प्रसूतीत मूल आपल्या वाटेनं यायला लागलं की ठेवायची तसे.

वर माळावर इतर गाड्या रांगेत थांबल्या होत्या. तिनं इंजिन बंद केलं. कुणीतरी चहाचा मग आणून दिला, तो तिनं धरून ठेवला, प्यायली नाही. बॉनेटमधून तापलेल्या धातूची टकटक येत होती.

"तुला ऐकू आलं?" तिनं विचारलं.

"आलं."

"मला वाटायचं ही कुरकुरते. ही तर गात होती रे."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडावर नवं बाळ पहिल्यांदा श्वास घेतं तेव्हा तिच्या तोंडावर यायचं ते हसू होतं. कित्येक आयांनी ते पाहिलं होतं. गेथिननं पहिल्यांदाच पाहिलं.

तिनं चहाचा मग त्याच्या हातात दिला. "पुन्हा जाता येतं का?"

"दुपारी दुसरी फेरी आहे."

"मग पेट्रोल बघून ठेव," हेस्टर म्हणाली आणि रुमालानं आरसा पुसू लागली.