फोनचा रिकामा रकाना

अन्वी, ईशान,

परवा फोनवर मी "सुमन गेली" म्हणाले, तेव्हा तुम्ही विचारलंत, "कोण सुमन?" त्या प्रश्नापासून मला चैन नाही, म्हणून लिहिते.

शिरूरला आमच्या रक्तदात्यांच्या मंडळाचा संगणक सुमन सांभाळायची. खुर्चीत बसलेली ती मला आठवतच नाही. उभ्यानेच टाइप करायची, मध्येच खिडकीशी जाऊन यायची. "बसलं की डोकं बी बसतंय, बाई," म्हणायची. गावोगाव हिंडून दात्यांची नावं, रक्तगट आणि फोन तिनेच गोळा केले होते. घरी फोन नसेल त्याच्यापुढे शेजाऱ्याचा नाहीतर दुकानाचा नंबर, आणि त्याला जोडून 'पी. पी.' ही अक्षरं. तेव्हा निम्म्या तालुक्याला निरोप असेच जात.

मंडळाचं दौंडचं काम माझ्याकडे होतं, आणि शिरूरचे दातेही मला लागायचे. शिरूरचा डेटाबेस नव्या आवृत्तीतला. माझ्या जुन्या आवृत्तीत तो उघडेना. मग सुमनने यादी साध्या तक्त्यात, जुन्या आवृत्तीत उतरवली, फ्लॉपी घेऊन एसटीने आली आणि इम्पोर्ट कसं करायचं ते दाखवलं. निघताना बजावलं, "आकडा जुळला म्हंजी झालं न्हाई. डोळ्यानं बघा."

नावांचा आकडा जुळला. बाजूला संगणकाने आपणहून एक छोटा तक्ता केला होता, चुकांचा. त्यात नुसते ओळींचे क्रमांक. मला तो पसारा वाटला. मी तो पुसला आणि फ्लॉपी शिरूरला परत पाठवली.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, दौंडच्या दवाखान्यातून निरोप आला: बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाही, ओ निगेटिव्ह हवं. यादीत तीन नावं. दोघांनी नुकतंच रक्त दिलेलं. तिसरे न्हावऱ्याचे भानुदास आप्पा, आणि त्यांच्यापुढे फोनचा रकाना रिकामा. मी सुमनला फोन लावला.

"रिकामा कसा? किराणा दुकानाचा पी. पी. लिवलाय की मी!" मग तिच्याच लक्षात आलं. "वरच्या ओळींत नुसतं आकडं दिसलं, तवा मशीन म्हनलं आसंल, ह्यो आकड्यांचा रकाना. अक्षरवालं समदं टाकलं भाईर. चुकांचा तक्ता दिला आसंल ना त्यानं?"

"मी पुसला. पसारा वाटला."

"व्हय. ज्यांच्या घरी फोन न्हाई, ती मानसं पसाराच की, बाई."

तिने फोन ठेवला आणि दुकानात लावला. मग दर दहा मिनिटांनी मला. "शेतातनं बोलावलंय." "गाडी मिळाली." "पोचलं का? न्हाई? मंग फोनपाशी काय करताय? दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन हुबं ऱ्हावा!"

मी धावतच गेले. तास गेला, की दीड, मला सांगता येणार नाही. आप्पा मोटरसायकलवरून उतरले, पोटऱ्यांपर्यंत चिखल. "कुठला हात पायजे, बाई? ह्यो का त्यो?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने सुमन हजर. ती सरळ संगणकाकडे गेली. उभ्यानेच फोनचा रकाना आकड्यांऐवजी मजकुराचा केला, यादी नव्याने घेतली आणि मला एकेक नाव मोठ्याने वाचायला लावलं. केंदूर, इनामगाव, न्हावरे. "ह्ये आलं. ह्ये बी आलं. आता चहा सांगा."

तो डेटाबेस आज कुठल्याच संगणकावर उघडत नाही. आप्पा नाहीत, आता सुमनही नाही. ती बाळंतीण आणि तिची मुलगी, दोघी दौंडमध्ये आहेत.