इराची बडबड आणि माझी मोहीम

माझ्या भाचीची बडबड मी आठ दिवसांत बंद पाडली. (तोंड ती उघडत होती, पण फक्त खाण्यासाठी. ते वळण आमच्या घरचं.)

तेव्हा माझं शिक्षण संपलं होतं, नोकरी नव्हती आणि मोहीम होती. बनशंकरीच्या बसस्टॉपवर मी पत्रकं वाटायचो : 'बाळाशी बोला! मेंदू घडतो आहे!' मजकूर माझा, उद्गारचिन्हंही माझीच. तान्ह्या पोराच्या हातात मोबाइल देणं हा गुन्हा आहे, असं मी आयांना तोंडावर सांगायचो. एकीनंही अजून आभार मानलेले नाहीत.

अशात अक्काची रजा संपत आली. महादेवपुऱ्याचं ऑफिस सुरू होणार. मग अकरा महिन्यांची इरा कुणाकडे? अक्का एक पाळणाघर बघून आली आणि तिथल्या भिंतभर टीव्हीसमोर ओळीनं बसवलेली पोरं आठवून रडवेली झाली. मी म्हटलं, माझ्याकडे ठेव.

"तुझ्याकडे?" अक्कानं मला नखशिखांत पाहिलं. "सरी, ठीक आहे. आठ दिवस बघते. नाही जमलं तर पाळणाघर."

मी कामाला लागलो. प्रत्येक गोष्ट बाळाला शब्दांत सांगायची, असं पत्रकात होतं. सांगितली! हा मोजा. मोजा निळा. हा डावा पाय. कुकरची शिट्टी झाली की वाफ म्हणजे काय, तेही. इरानं 'बा' म्हणायचा अवकाश, मी लगेच बादली, बाहुली, बाल्कनी आणि बालहक्क! ती झोपली तरी मी विषय पुरा करूनच उठायचो.

चौथ्या दिवशी तिची बडबड कमी झाली. सहाव्या दिवशी थांबली. उपाय म्हणून मी दुप्पट बोलू लागलो. आठव्या दिवशी घाबरलेली अक्का आम्हा दोघांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाळाशी घरी कोण बोलतं, असं त्यांनी विचारलं. मी सुरू झालो : मोहीम, पत्रक, मोजा, वाफ. मधेच इरानं तोंड उघडलं, मी तिला स्टेथोस्कोपची माहिती दिली, तिनं मिटलं.

"स्वल्प थांबा," बाई म्हणाल्या.

मी थांबलो.

"अजून थांबा."

पंख्याचा आवाज येऊ लागला. इरानं माझ्याकडे पाहिलं. मी खरंच गप्प आहे याची खात्री केली. मग बाईंकडे वळून, "बाबाबा!"

"असं? मग?" म्हणून बाई पुन्हा थांबल्या. इरानं आठ दिवसांची सगळी तुंबलेली तक्रार सांगून टाकली. अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पोरगी उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "तिची बोलायची पाळी तेवढी मामा खातात."

घरी आल्यावर अक्का म्हणाली, इरा तुझ्याकडेच राहील. अट एकच : आधी ती बोलेल, मग तू.

सोमवारी अक्का ऑफिसला गेली आणि इरानं मला समोर बसवून अर्धा तास सुनावलं. बोट नाचवत, मांडी आपटत, श्वासही न घेता. एक शब्द कळला नाही. तिचं संपलं, मी अटीप्रमाणे थांबलो, आणि उत्तरासाठी तोंड उघडलं. तेवढ्यात तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आमच्या मोहिमेला दुसरा कार्यकर्ता मिळाला होता.