एका ठिपक्याची चौकशी

दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत तिला सगळे बुरशीबाई म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. घरी पाव शिळा होऊन हिरवा पडला की नवरासुद्धा हाक मारायचा, “अगं, तुझे पाहुणे आलेत!”

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बाईच्या बेडक्यातून काचेच्या बशीवर एकच हिरवा ठिपका उगवला होता. वरिष्ठ म्हणाले, “हवेतून पडली असेल, टाकून दे.” तिने टाकली. दहा दिवसांनी त्याच बाईचा दुसरा नमुना आला, त्यात तीच बुरशी माजलेली. अहवाल वर पोचला तेव्हा खाट रिकामी झाली होती. तिला कुणी बोल लावला नाही. तेच जास्त लागलं.

या गोष्टीला वीस वर्षं झाली. आता तिच्यापुढे गाद्या शिवणाऱ्या एका कारागिराची बशी होती. त्याला पूर्वी क्षय होऊन गेला होता आणि गेले काही महिने खोकल्यातून पुन्हा रक्त पडत होतं. क्षयाचे जंतू तीनदा शोधले, तिन्ही वेळा सापडले नाहीत. तरी क्षयाचीच औषधं सुरू करायचं घाटत होतं. आणि बशीच्या कडेला राखाडी-हिरवा, मखमली ठिपका. एकच.

तिने वॉर्डातल्या तरुण डॉक्टरांना फोन लावला.

“ताई, एका ठिपक्यावर काय ठरवायचं? हवेतला असेल.”

“असेलही. म्हणूनच पुन्हा नमुना पाठवा. सकाळचा, खोल खोकून काढलेला. आणि थोडं रक्तही.”

“रक्त कशाला?”

“हवेतून पडलेल्या बुरशीशी शरीर भांडत नाही, डॉक्टर. आत घर केलेलीशी भांडतं. त्या भांडणाची खूण रक्तात सापडते. चार दिवस द्या मला.”

पलीकडे सुस्कारा ऐकू आला, पण नमुने आले. तिने बेडका या वेळी तीन बशांवर पसरला. तिसऱ्या दिवशी तिन्ही हिरव्या झाल्या. रक्तातली खूण भरपूर निघाली. मग डॉक्टरांनी छातीचा स्कॅन काढून घेतला. क्षयाने पाडलेल्या जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा बसला होता.

क्षयाऐवजी बुरशीवरचं औषध सुरू झालं. रक्त थांबायला दोन महिने लागले. छातीत पहिल्यासारखा दम मात्र परत आला नाही.

पुढच्या तपासणीला कारागीर स्वतः खिडकीशी आला. “बाई, ही माझ्या गाद्यांतल्या कापसातून आली का हो?”

“सांगता नाही येणार. ती सगळीकडेच असते. माझ्याही नाकात असेल. तुमच्याकडे तिला रिकामी जागा मिळाली, एवढंच.”

तो घुटमळला. “बघता येईल?”

तिने त्याला आत बोलावून सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. निळ्या रंगात बुडालेले बारीक दांडे, टोकाला मण्यांचे झुबके. तो बराच वेळ डोळा लावून राहिला.

“दिसायला देखणी आहे की,” तो नाराजीनेच म्हणाला.

“आहे,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत हे तिने कुणापाशी कबूल केलं नव्हतं.