हप्ता कापला

दर महिन्याच्या पाच तारखेला मी वडिलांवर सूड उगवत असे. हे लिहिताना आता लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती. बँकेचा मेसेज सकाळीच येऊन पडलेला असायचा. दिवसभर मी त्याबद्दल अवाक्षर काढायची नाही. संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो, बाबांनी पहिला घास हातात घेतला, की म्हणायची, "बाबा, हप्ता कापला."

ते हातातला घास ताटात ठेवायचे. "हव का," एवढंच म्हणायचे, आमच्याकडचं 'हो का'. आई मला डोळ्यांनी दटावायची, मी मुकाट्यानं वरण वाढून घ्यायची आणि थोड्या वेळानं बाबाही पुन्हा जेवायला लागायचे. भांडण नाही, आरडाओरडा नाही. मला त्यांच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं, 'चुकलं माझं.' ते ऐकेपर्यंत दर पाच तारखेला हे चालणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

बाबा तहसील कचेरीत कारकून होते आणि त्यांच्याकडे दाखल्यांचं टेबल होतं. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, असले कागद. प्रवेशाचे दिवस आले की त्यांच्या खिडकीपुढची रांग पायऱ्या उतरून पार सायकल स्टँडपर्यंत जायची. नागपूरच्या नंदनवन वस्तीतले आमचे शेजारीपाजारीही प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन घरी यायचे आणि बाबा दिवाणावर मांडी घालून, मांडीवर पॅड ठेवून त्यांचे अर्ज भरून द्यायचे. अक्षर मोत्यासारखं. सही करायची तर पूर्ण नावाची, आडनावासकट, कितीही पानं असली तरी.

मी फिजिओथेरपीची पदवी घेतली आणि पुढे मास्टर्सला एका खासगी कॉलेजात मेरिटवर जागा मिळवली. फीचा आकडा ऐकून आईनं आधी गॅस बंद केला आणि मग खाली बसली. पण सरकारची शिष्यवृत्ती होती. घरचं वार्षिक उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर फीचा मोठा भाग सरकार भरणार होतं. बाबांचा पगार त्या मर्यादेत बसत होता. जेमतेम, पण बसत होता.

अडचण एवढीच की नेमक्या त्याच वर्षी त्यांना वेतन आयोगाची मागची सगळी थकबाकी एकदम मिळाली होती. कचेरीत तिला सगळे एरियर्स म्हणत. ती उत्पन्नात मिळवली तर आम्ही मर्यादेच्या वर जात होतो. तेही किती, तर एखादी जुनी स्कूटर येईल इतके. त्या कचेरीत एक रीतच होती. आपल्या पोरांच्या अर्जात एरियर्स कोणी धरत नसे. मागच्या वर्षांचे पैसे, ते या वर्षाचं उत्पन्न कसं, असा हिशेब. त्यात अगदीच खोटं होतं असंही म्हणता येणार नाही.

बाबांच्या शेजारच्या टेबलावरचे काका आमच्याकडे चहाला आले होते. बशीत चहा ओतता ओतता ते म्हणाले, "एरियर्स धरू नको गा. कोणीच धरून नाही राहिलं." बाबांनी मान हलवली. मी ती हललेली मान माझ्या डोळ्यांनी पाहिली. त्या मानेच्या भरवशावर मी दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना समोसे खाऊ घातले.

आणि मग बाबांनी स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात, एरियर्स धरून उत्पन्न लिहिलं. पै न पै. मला कळलं ते थेट अर्ज बाद झाल्यावर. कॉम्प्युटरवर लाल अक्षरात 'अपात्र' असं आलं होतं. मी तो कागद छापून घरी आणला आणि त्यांच्यासमोर धरला.

"बाबा, काहून लिहिलं?"

"आले होते, म्हणून लिहिलं."

"काका म्हणाले होते न? तुम्ही मान हलवली होती."

"त्याचा फारम त्यानं भरावा," ते म्हणाले. "मी माह्याच टेबलावरून माह्याच पोरीसाठी खोटा कागद काढू काय? लोकायले काय तोंड दाखवू?"

"मग तुमच्या खरेपणाची फी मी भरू?"

ते उठले आणि मोरीत जाऊन आपला जेवणाचा डबा घासायला बसले. तो डबा आईनं आधीच घासून ठेवला होता. कॉलेजच्या ऑफिसात मी चारदा खेटे घातले. पहिल्या वर्षी अर्ज बाद झाला की दुसऱ्या वर्षी नव्यानं घेत नाहीत, असं तिथल्या बाईंनी चारही वेळा सांगितलं.

मग राहिलं शैक्षणिक कर्ज. बँकेच्या मॅनेजरनं बाबांचा तोच उत्पन्नाचा दाखला हातात घेतला, चष्मा वर केला आणि खूश होऊन म्हणाला, "अरे वा, उत्पन्न तर चांगलं आहे की!" मी इतक्या मोठ्यानं हसले की काउंटरवरची माणसं वळून पाहायला लागली. एकाच कागदापायी तिकडे आम्ही श्रीमंत ठरलो होतो आणि त्याच कागदाच्या जोरावर इकडे कर्जाला पात्र झालो. नंदनवनच्या दोन खोल्यांचे कागद बँकेत गहाण पडले. सहकर्जदार म्हणून बाबांनी प्रत्येक पानावर सही केली, पूर्ण नावाची. मॅनेजर म्हणाला की नुसती आद्याक्षरंही चालतात. बाबा म्हणाले, "असू द्या."

माझ्या वर्गात एक मुलगी होती. प्रतापनगरात दुमजली घर, खाली वडिलांचं दुकान, कॉलेजला गाडीनं यायची. तिला शिष्यवृत्ती मिळाली होती. तिच्या दाखल्यावर बाबांच्याच कचेरीचा शिक्का होता, टेबल मात्र दुसऱ्याचं. हेही मी घरी येऊन जेवताना सांगितलं. हप्ते सुरू व्हायच्या आधीही मला काही ना काही सापडायचंच.

शिक्षण झालं. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात मेंदूच्या रुग्णांना व्यायाम शिकवायची नोकरी मिळाली. लकवा मारलेल्या माणसाला पुन्हा उभं करायचं, चमचा धरायला शिकवायचं, हे माझं काम. काम मला आवडायचं, पण निम्मा पगार हप्त्यातच जायचा. लग्नाचं पाहणं सुरू झालं तेव्हा पाहुण्यांनी विचारायच्या आधीच बाबा सांगून टाकायचे, "पोरीवर लोन आहे," आणि बाकी रक्कमही सांगायचे. पाहुणे पोहे संपवायचे, कळवतो म्हणायचे आणि कोणीच कळवायचं नाही. त्या महिन्यांत माझी पाच तारीख जरा जास्तच जोरात साजरी व्हायची.

अशी साडेचार वर्षं गेली. बाबा निवृत्त झाले. एका सकाळी अंघोळीला गेले आणि आतून बादली पडल्याचा आवाज आला. उजवी बाजू गेली होती. त्यांना मी माझ्याच हॉस्पिटलात आणलं. जीव वाचला, पण उजवा हात लोळागोळा झाला आणि वाचा गेली. जे मी शिकले होते, ज्यासाठी हे सगळं रामायण झालं, ते आता बाबांवर वापरायची पाळी आली.

तिथे रोज साऱ्या विदर्भातून माणसं येतात. तीन आठवड्यांनी मी बाबांना व्हीलचेअरवरून व्यायामाच्या खोलीकडे नेत होते, तेव्हा काटोलकडचा एक माणूस समोर आला. त्याच्या आईचा खुबा मोडला होता आणि तिला व्यायामासाठी आणलं होतं. तो बाबांकडे टक लावून पाहत राहिला, मग वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"मॅडम, हे दाखल्याच्या खिडकीवरचे साहेब न? नागपुरात राहत होतो तवा माह्या पोराचा फारम यायनंच भरला होता."

"हो, माझे वडील," मी म्हटलं.

"देवमाणूस आहे. मी उत्पन्नात दुधाचे पैसे सांगून राहिलो होतो. साहेब म्हणे, कायले सांगतं बे? ते म्हशीनंच खाल्ले समज." तो हसला. "त्याच्यानं पोराले स्कॉलरशिप भेटली. इंजिनिअर आहे आता."

बाबा त्याच्याकडे पाहत होते. त्यांना त्यातलं किती कळलं, कोण जाणे. मला मात्र सगळं कळलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्याच्या पोरासाठी म्हशीनं पैसे खाल्ले, आणि माझ्या वेळी पै न पै! मी खोलीचं दार लावलं, बाबांना गादीवर घेतलं, त्यांचा उजवा हात खांद्यापासून वर उचलत विचारलं, "बाबा, मग माझ्याच वेळी काहून?"

माझ्या हातात त्यांच्या हाताचं सगळं वजन होतं. ते माझ्याकडे बघत होते. ओठ हलले, मानेची शीर ताणली गेली, घशातून नुसता आवाज निघाला. साडेचार वर्षं ज्यांना बोलता येत होतं त्यांना मी, अर्ज बाद झाला तो दिवस सोडला तर, एकदाही सरळ विचारलं नव्हतं, नुसते टोमणे मारले होते. आता विचारलं तेव्हा उत्तर द्यायला त्यांच्याजवळ शब्द नव्हता. मी हात खाली ठेवला आणि ठरल्याप्रमाणे दहा वेळा कोपर वाकवून घेतलं.

पुढच्या महिन्यात त्यांना पहिले शब्द फुटले. बातमी सांगायला वाचा-उपचार करणारी माझी सहकारीण पळत आली. आई आणि मी धावत गेलो. तिनं बाबांना विचारलं, "बरं वाटतं का?"

"हव का," बाबा म्हणाले.

आई रडायला लागली. सहकारिणीनं पेला दाखवला, हे काय आहे? "हव का." आईकडे बोट दाखवलं, या कोण? "हव का." दुसरं काहीच नाही. तिनं मला बाजूला घेतलं आणि सहज विचारलं, "घरी हे खूप म्हणायचे का गं?"

तिला काय सांगणार होते मी? आमच्या अभ्यासातच आहे ते. असा झटका आला की विचार करून बोललेली भाषा आधी जाते. मागे उरतं ते सवयीनं, घोटून घोटून पक्कं झालेलं. कोणाच्या तोंडी देवाचं नाव राहतं, कोणाच्या शिवी. माझ्या वडिलांनी हजारो अर्ज भरले, शेकडो माणसांना गोड बोलून वाटेला लावलं, लहानपणी मला पाढे शिकवले. त्यातलं काही उरलं नाही. उरलं ते मी महिन्याच्या महिन्याला त्यांच्याकडून घोटून घेतलेलं. ते शास्त्र मी पुस्तकात वाचलं होतं आणि परीक्षेत त्यावर चांगले मार्कही घेतले होते.

"नाही गं, कधीमधी म्हणायचे," मी तिला सांगितलं.

त्यानंतर पाच तारखेला मी तोंड उघडलं नाही. मेसेज यायचा, मी पुसून टाकायची. बाबांना घरी आणलं. संध्याकाळी मी त्यांना भरवायची. डाव्या हातानं खाण्याचा सरावही मी करून घेत होते, पण ते थकून जायचे. काहीही विचारा, हव का. मीठ बरोबर आहे का, हव का. बाहेर उन्हं किती तापली आहेत बघा, हव का.

गेल्या मार्चमध्ये शेवटचा हप्ता गेला. अर्ज आधीच देऊन ठेवला होता, म्हणून बँकेनं त्याच दिवशी बाकी काही नाही असं पत्र दिलं आणि गहाण पडलेले घराचे कागद परत केले. त्या दिवशीही पाच तारीखच होती. मी सगळ्या कागदांची फाईल छातीशी धरून घरी आले. आईनं देवापुढे ठेवायला साखर काढली. म्हटलं, हे बाबांना जेवतानाच सांगायचं. इतकी वर्षं ज्या वेळी वाईट सांगितलं, त्याच वेळी एकदा चांगलं सांगू.

मी वरणभात कालवला आणि पहिला घास त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी तो नीट धरला. मी म्हटलं, "बाबा, शेवटचा हप्ता कापला. लोन फिटलं. आणि बाबा, चुकलं माझं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हळूच हात खाली नेला आणि तो घास ताटात ठेवून दिला.

"हव का," ते म्हणाले.

मी फाईल उघडून दाखवली. त्यांचीच सही दाखवली, पानापानावरची, पूर्ण नावाची. आईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, संपलं हो सगळं, जेवा आता, म्हणाली. मी दुसरा घास केला आणि त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तोंड उघडलं नाही. भात निवत गेला. त्या संध्याकाळी ते जेवलेच नाहीत.