गाळलेल्या सात ओळी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिने एकच विचारलं असतं — "मंग तुमी बोलले काहून नाई?" तुम्हाला सांगून टाकतो.

अकोल्यात जठारपेठेत, झेरॉक्सच्या दुकानावर माझं एका खोलीचं ऑफिस आहे. अमरावतीच्या एका नर्सिंग कॉलेजची वेबसाइट मी सांभाळतो. साइटवर कोणी आलं की सर्व्हर लॉग फाइलमध्ये एक ओळ लिहून ठेवतो — किती वाजता, कोणतं पान, फॉर्म पाठवायचं बटण दाबलं असेल तर कोणाचा अर्ज क्रमांक, आणि एक आकडा. दोनशे म्हणजे काम झालं. पाचशे म्हणजे आमचाच सर्व्हर कोलमडला. या ओळी मोजायला मी एक स्क्रिप्ट लिहिली होती, साधाच दहा-बारा ओळींचा प्रोग्राम. पण तिच्यात एक लबाडी होती — पाचशेच्या ओळी ती मोजायचीच नाही. कॉलेजला द्यायचा महिन्याचा रिपोर्ट चकाचक दिसावा, साइट का बंद पडते म्हणून कोणी डोकं खाऊ नये, म्हणून मीच त्या गाळल्या होत्या. एवढं कोण पाहतं?

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी दुपारभर साइट रडतखडत चालली. दुसऱ्या दिवशी भातकुलीची एक मुलगी कॉलेजात हजर. वैष्णवी. फॉर्म गेला नाही म्हणून आली होती. प्राचार्य मॅडमनी मलाही बोलावून घेतलं. मुलगी रडत नव्हती, तावातावानं बोलत होती. "म्या सात खेपा बटन दाबलं, सर. तुमचीच साइट चालून नव्हती राहिली."

मॅडम मला म्हणाल्या, "नोंद पाहा. ही आली असेल तर फॉर्म घेऊ, एक जागा आहे अजून." मी तिथंच लॅपटॉप उघडला, तिचा क्रमांक टाकला, तीच स्क्रिप्ट चालवली. उत्तर आलं — शून्य. मी स्क्रीन फिरवून दाखवली. "हिनं बटण दाबलेलंच नाही." तिनं त्या शून्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खरं सांगू? तेव्हा मला त्या गाळलेल्या ओळी आठवल्याच नव्हत्या.

इथवर चूक म्हणा. पुढचं मी जाणूनबुजून केलं.

परतताना एसटीत, मूर्तिजापूरच्या आसपास, आठवलं. ऑफिसात येऊन मूळ फाइल उघडली, नुसती डोळ्यांनी वाचत गेलो. सात ओळी होत्या. पहिली तीन वाजून दहा मिनिटांची, शेवटची पाचला दहा कमी असतानाची. सातही पाचशेच्या. पोरगी एक अक्षर खोटं बोलली नव्हती.

ती जागा अजून दोन दिवस रिकामी राहणार होती. फोन समोर पडला होता. मॅडमना एक फोन करायला किती वेळ लागतो? पण मग त्यांनी विचारलं असतं — या ओळी आधी का दिसल्या नाहीत? — आणि माझे सगळे चकाचक रिपोर्ट उघडे पडले असते. भ्यालो मी. दोन दिवस गेले, जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. आमच्याकडे लॉग फाइल पंधरा दिवसांनी आपोआप पुसली जाते. मी ते दिवस मोजले. सोळाव्या दिवशी फाइल नव्हती, आणि मला — लाज वाटते सांगायला — हायसं वाटलं.

गेल्या दिवाळीत अमरावतीला एका कापडाच्या दुकानात खरेदीला गेलो, तर ती काउंटरमागे दिसली. तिनंच ओळखलं. वाटलं, आता ही चारचौघांत माझी लाज काढणार. काढायलाच हवी होती. पण ती हसली. म्हणाली, "सर, तवा उगाच भांडली मी तुमच्यासंग. घरचे म्हणते, तू बटन दाबलंच नसंन. आता मलेही तसंच वाटते."

मी काय म्हणालो, माहीत आहे?

"होते असं कधी कधी."

आणि तिनं पुढे केलेली पिशवी घेऊन मी दुकानाच्या पायऱ्या उतरलो.