मागं म्हणणारी

अल्बम इंटरनेटवर चढवताना एक फॉर्म भरावा लागतो. गायिका कोण, गाणी कुणाची, चाली कुणाच्या, गिटार कुणी वाजवली, ध्वनिमुद्रण कुणी केलं. मी प्रत्येक रकान्यात माझंच नाव टाकत गेले. एकाच बाईनं स्वतःच नवरी, स्वतःच करवली आणि स्वतःच वाढपी व्हावं, तसला प्रकार. शेवटचा रकाना कोरसचा होता. तिथं मात्र मी ताईचं नाव लिहिलं, आणि ते धडधडीत खोटं होतं.

हे खोटं कसं घडलं ते सांगायचं तर लहानपणापासून सुरुवात करावी लागेल, इलाज नाही. आमचं गाव श्रीरामपूरच्या अलीकडं. वडील चर्चमध्ये पेटी वाजवायचे आणि आम्ही दोघी बहिणी गायन मंडळात. भजनाची ओळ आधी ताई म्हणायची, मग तीच ओळ मी आणि बाकीच्या बायका मागं म्हणायचो. याला आमच्याकडं झील धरणं म्हणतात. झील धरणाऱ्याला एकच नियम, पुढच्याची ओळ संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचा आवाज इतका मोकळा, की तिनं ओळ उचलली की सतरंजीवरची लहान पोरंही चुळबुळ थांबवायची. नाताळात घरोघर गाणी म्हणत फिरायचो तेव्हा लोक दारातूनच विचारायचे, "मोठी आली हाय ना?" धाकटीची चौकशी कुणी कधी केली असेल तर शपथ.

ताईचं लग्न झालं, दोन गावं सोडून पलीकडं. सासर चांगलं. पण तिथल्या चर्चमध्ये पुढं म्हणणारी बाई आधीच होती, पाळकांची बायको. ताई मागं बसली. तिला काही केल्या मागं म्हणता येईना, म्हणून हळूहळू ती गप्पच बसायला लागली. तिला कुणी मनाई केली नाही, कुणी छळलं नाही. नुसती जागा नव्हती. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "गाण्यावाचून काय अडतंय गं? म्हशी काय भजन ऐकून दूध देतात व्हय?"

मी नगरला आले. सावेडीत दोन खोल्या, एका शाळेत संगीताची बाई. लग्न जमलं नाही, मग जमवणारेही थकले. शाळेतून आलं की कुलूप उघडायचं, चहा टाकायचा आणि त्या चहाशीच बोलायचं, असे दिवस. त्यातच गाणी सुचायला लागली. बायका खुरपताना म्हणतात तसल्या चालींची, पण खाली गिटार आणि संगणकातली ढोलकी. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून ध्वनिमुद्रण शिकले. खोलीच्या कोपऱ्यात चार गोधड्या टांगून खोपटं केलं, माइक आत लावला. आवाज येतो म्हणून पंखा बंद. मे महिन्यात त्या खोपट्यात उभं राहून गाऊन बघा एकदा, मग म्हणा कला फार आनंददायी असते. त्यात एखादी ओळ जमून आली की नेमकी घंटागाडी यायची, तिचं ते कचऱ्याचं गाणं लावून.

पण खरी अडचण वेगळीच होती. संगणक कानात टकटक करून ताल देतो आणि त्यावर गायचं असतं. मी प्रत्येक ओळ किंचित उशिरा उचलायची. दहा वेळा म्हटली, दहाही वेळा उशीर. मला वाटलं माइक बिघडलाय, मग वाटलं संगणक जुना झालाय. एका रविवारी कारण ध्यानात आलं आणि मी गोधडीतून बाहेर येऊन फरशीवर बसले. मी कुणीतरी आधी म्हणेल म्हणून थांबत होते. चाळिशीला आलेली बाई, घरात चिटपाखरू नाही, गाणं स्वतःचं, आणि मी ताईची वाट बघत होते. त्या दिवशी मी भरपूर रडले.

ती खोड मोडायला पावसाळा आणि दिवाळी गेली. आठ गाणी झाली. पाचव्या गाण्याला मात्र झील हवीच होती आणि एकटीचा आवाज तिथं ओकाबोका वाटत होता. मनात एक हौसही होती, कशाला लपवू? आयुष्यात एकदा तरी मी पुढं आणि ताई मागं. मी फोन केला.

"मी? कॅसेटमध्ये?" ताई म्हणाली. अल्बमला ती शेवटपर्यंत कॅसेटच म्हणत राहिली. "अगं, माझा गळा आता म्हशीवर वराडायच्या कामाचा उरलाय."

"तू ये तर."

आली. एसटीनं, हातात पिशवी, पिशवीत बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि मेथीची जुडी. येताना अख्ख्या गल्लीला सांगून आली होती की कॅसेटमध्ये गायला चाललेय. माझं खोपटं बघून पोट धरून हसली, "हितं गातेस व्हय? आमची कोंबडीसुदिक खुराड्यात शिरताना इचार करती." हेडफोन एका कानाला लावला, दुसरा कान मोकळा ठेवला, पदर खोचला आणि डोळे मिटले.

तिनं झील धरली, पण तिला मागं राहता येईना. माझी ओळ संपायच्या आतच ताई ती उचलून पुढं न्यायची. मी म्हटलं, "ताई, मी संपवते, मग तू." ती म्हणाली, "व्हय व्हय," आणि पुन्हा तेच. चार वेळा म्हटलं. मग दोघींनी भाकरी खाल्ली. जाताना तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "लई बरं वाटलं बघ. छातीवरचं वझं उतरल्यावानी झालं." तिला एसटीत बसवून मी घरी आले आणि ते गाणं लावलं.

आता खरं सांगते. अख्ख्या अल्बममध्ये त्याइतकं सुंदर काही नव्हतं. इतकी वर्षं बंद असलेला तो आवाज थोडा चिरकला होता, खरखरीत झाला होता, आणि म्हणूनच अंगावर काटा येत होता. तो आला की माझा आवाज आपोआप बाजूला सरकून उभा राहत होता. माझं गाणं, माझे शब्द, आणि पुन्हा ताई पुढं. मी जळले. बहिणीवर जळले. मनाची समजूत घातली की ती तालाला सोडून जातेय, हे तांत्रिकदृष्ट्या चालणार नाही. शाळेत मुलांना सांगते तसं स्वतःला गंभीरपणे समजावलं. मग तिचा आवाज पुसून टाकला, कायमचा, पुन्हा मोह नको म्हणून. खोपट्यात शिरून झील मी स्वतःच म्हटली, चार वेळा, एकावर एक. अगदी तालात बसली. फॉर्ममध्ये नाव मात्र तिचं लिहिलं. बिचारीला तेवढंच समाधान, असं वाटलं. वर स्वतःला उदारही समजले, काय म्हणावं!

अल्बम आला आणि काहीच झालं नाही. शिक्षकांच्या खोलीत "अरे वा, छान हं" झालं आणि लगेच कुणीतरी घटक चाचणीच्या पेपरांचं बोलायला लागलं. मी दर तासाला मोबाईल बघायची. ऐकणाऱ्यांचा आकडा हलायचा तो बहुतेक माझ्याच ऐकण्यानं.

आणि मग ताईचा फोन आला. "ह्या रविवारी उपासनेनंतर ये. समद्यांना बोलावलंय. पाळकबाईपण येनार हायेत."

तिनं एकटीनं ऐकलं का, विचारलं तर म्हणाली, "छ्या! समद्यांसंगं ऐकायचं म्हणून थांबलेय." मी ठरवलं, लवकर जायचं, तिला बाजूला घेऊन सगळं सांगून टाकायचं. गेले तेव्हा अंगणात सतरंज्या पडल्या होत्या आणि ताई ठेवणीतली साडी नेसून कपबशा मांडत होती. "ताई, जरा आत ये ना," मी म्हटलं. "आधी च्या घे," ती म्हणाली. दुसऱ्यांदा म्हटलं तर दाजी मोबाईल घेऊन आले आणि सगळ्यांना तिचं नाव दाखवायला लागले. "हे बघा, छापून आलंय." ताईची सासू चष्मा लावून, मोबाईल लांब धरून ते नाव बघत बसली. त्यानंतर माझं तोंड उघडेना.

पहिली चार गाणी लोकांनी चहा पीत ऐकली. पाचवं लागलं तशी ताई उभी राहिली. "गप बसा समदी. आता मी येते."

माझी ओळ झाली आणि झील आली. माझी. चार वेळा मीच, स्वच्छ, तालात.

मला ताईकडं बघायचं नव्हतं, पण बघितलं गेलं. ती मान थोडी कलती करून ऐकत होती, हाक ऐकू आली की नाही याचा अंदाज घेतात तशी. दुसरी झील आली. तिसरी आली. मग तिचं ऐकणं थांबलं.

"कुटं गं तू?" सासूनं विचारलं.

ताईनं माझ्याकडं एकदाच पाहिलं. "ही काय, आत्याबाई. हीच मी."

कुणाला शंका आली नाही. बहिणी बहिणींचे आवाज, त्यात मोबाईलचा स्पीकर. सासूनं मान डोलावली. "धाकटीपरीस तुझाच गोड हाय गं." पाळकबाई म्हणाल्या, "एवढी चांगली गाता आणि आमच्यात मागं गप्प बसता होय? पुढच्या रविवारी पुढं या बरं." सगळे म्हणाले, परत लावा. दाजींनी परत लावलं. या वेळी ताई सगळ्यांसमोर ओठ हलवत होती, आवाज न काढता, माझी ओळ नीट संपेपर्यंत थांबून. एकदाही पुढं गेली नाही. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

संध्याकाळच्या गाडीला ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, त्या गेल्या की नुसती धूळ. मी म्हणाले, "ताई, चुकलं माझं. तू परत ये. ते गाणं आपण परत करू, तू म्हणशील तसं."

तिनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"आता कशाला?" ती म्हणाली. "माझं गानं ऐकलं की समद्यांनी."